नांगऱ्याचे मौन

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घराबाहेर पडण्याची जी मोजकी कारणे समाजमान्य होती, त्यांत तीर्थयात्रेचे स्थान वरचे होते. व्यापारी मालासाठी फिरे, सरदार युद्धासाठी, दरबारी राजाच्या कामासाठी. जमिनीला बांधलेल्या कुळाला मात्र धन्याच्या अनुमतीवाचून गावाची शीव ओलांडता येत नसे. अशा समाजात यात्रा ही भक्ती तर होतीच, पण तीत काही काळापुरती मोकळीकही होती. त्या काळच्या यात्रासाहित्याकडे केवळ धर्मभावनेचा आविष्कार म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. कोण निघाला आणि कोण मागे राहिला, कोण बोलला आणि कोण गप्प राहिला, हे प्रश्नही त्या साहित्याला विचारावे लागतात.

या यात्रांचे प्रमुख केंद्र कँटरबरी. २९ डिसेंबर ११७० रोजी दुसऱ्या हेन्रीच्या चार सरदारांनी आर्चबिशप थॉमस बेकेट यांची त्यांच्याच कॅथीड्रलमध्ये हत्या केली. ११७३ मध्ये त्यांना संतपद मिळाले, १२२० मध्ये त्यांचे अवशेष नव्या भव्य समाधीत हलवण्यात आले आणि १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने ती समाधी उद्ध्वस्त केली. मधल्या साडेतीन शतकांत किती पावले या वाटेवरून गेली असतील! परतणारे यात्रेकरू शिसे-कथलाची बिल्ले टोपीला लावून येत. राजसत्तेने मारलेल्या धर्माधिकाऱ्याच्या समाधीपुढे राजेही नतमस्तक होत आणि व्याधिग्रस्त गरीबही.

जेफ्री चॉसरने १३८७ च्या सुमारास ‘कँटरबरी टेल्स’ची रचना आरंभिली, तेव्हा ही वाट त्याला आयतीच सापडली. लंडन बंदरात जकातीचा अधिकारी म्हणून त्याने बारा वर्षे काम केले होते. माणसांची पारख आणि हिशोबाची नजर त्याला त्या नोकरीनेही दिली असावी. सदर्क येथील खाणावळीत जमलेले यात्रेकरू वाटेवर गोष्टी सांगतात आणि उत्तम गोष्ट सांगणाऱ्याला परतल्यावर सर्वांच्या खर्चाने जेवण मिळणार असते. पहिली गोष्ट सरदाराची. त्यानंतर श्रेणीप्रमाणे मठातल्या भिक्षूची पाळी यायची. पण दारूने झिंगलेला गिरणीवाला मध्येच घुसतो आणि आपलीच गोष्ट आधी सांगायचा हट्ट धरतो. गोष्ट सांगण्यापुरती का होईना, समाजाची उतरंड येथे कोसळते. जेरुसलेमला तीनदा जाऊन आलेली, पाच नवरे केलेली बाथची स्त्री धर्मग्रंथांचे दाखले देत पुरुषांशी वाद घालते, तेही याच मोकळिकीत.

या मेळाव्यात एक नांगऱ्याही आहे. तो गावच्या गरीब धर्मोपदेशकाचा भाऊ. दशांश चोख भरणारा, अडलेल्या शेजाऱ्याचे काम मोबदल्यावाचून करणारा. प्रस्तावनेत त्याचे चित्र आदराने रेखाटलेले आहे. पण त्याच्या वाट्याला एकही गोष्ट आलेली नाही. अर्थात येथे घाई करून चालणार नाही. सुमारे तीस यात्रेकरूंनी प्रत्येकी चार गोष्टी सांगाव्यात अशी योजना होती आणि प्रत्यक्षात चोवीसच आढळतात, त्यांतल्याही काही अपुऱ्या. गोष्ट न मिळालेले आणखीही यात्रेकरू आहेत. तेव्हा हे मौन कवीने हेतुतः योजले असे म्हणता येत नाही.

तथापि त्या मौनाभोवतीचा काळ मौन नव्हता. १३४८-४९ च्या महामारीने मजूर दुर्मीळ झाले, मजुरी वाढली आणि ती दाबून धरण्यासाठी १३५१ मध्ये कायदा आला. १३८१ मध्ये केंट आणि एसेक्सचे शेतकरी लंडनवर चालून गेले. कँटरबरीचा आर्चबिशप सडबरी याचा त्यांनी शिरच्छेद केला. बंडाच्या पुढाऱ्यांच्या पत्रांत ‘पिअर्स प्लाउमन’ हे विल्यम लँग्लंडच्या काव्यातल्या नांगऱ्याचे नाव आढळते. त्या काव्यात देशोदेशींची तीर्थचिन्हे अंगावर मिरवणाऱ्या यात्रेकरूला सत्याचा पत्ता ठाऊक नसतो. तो ठाऊक असतो पिअर्सला. पण वाट दाखवण्यापूर्वी अर्धा एकर जमीन नांगरून व्हायला हवी, असे तो बजावतो. श्रम हीच येथे यात्रेची पहिली पायरी ठरते.

१३८८ च्या कायद्याने याला विदारक जोड दिली. मुदत संपल्यावरही मजुराने, स्त्री असो वा पुरुष, अधिकृत पत्रावाचून आपला विभाग सोडू नये. यात्रेच्या मिषानेही नव्हे. विनापत्र सापडलेल्याला खोड्यात अडकवावे. चॉसर आपले यात्रेकरू रंगवीत होता, त्याच सुमारास वास्तवातल्या नांगऱ्याला देवदर्शनासाठीही परवाना लागत होता. हे ध्यानात घेतले की त्या सुंदर मेळाव्यातली त्याची जागा वेगळीच भासू लागते.

यात्रेविषयीचा संशय दुसऱ्या टोकाकडूनही येत होता. १४०७ मध्ये विल्यम थॉर्प या लॉलर्डपंथीयाची आर्चबिशप अरंडेलपुढे चौकशी झाली. यात्रेतली गाणी आणि मशकवाद्ये त्याला धर्माचा उपहास वाटत. थॉर्पच्याच वृत्तांतानुसार अरंडेलचे उत्तर असे : अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला ठेच लागली, तर गाण्याने त्याची वेदना विसरते. तत्त्वाच्या वादात दुखऱ्या पायाचा विचार सत्ताधाऱ्याने करावा, हा या संवादातला अनपेक्षित भाग.

ज्यांची गोष्ट कोणी मागितली नाही, त्यांतल्या एकीची तरी वाणी उरली. लिन गावची मार्जरी केंप, चौदा मुलांची आई, १४१३ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेला निघाली. तिच्या अनावर रडण्याने सोबती वैतागले. त्यांनी तिचा झगा आखूड कापला आणि जेवणाच्या वेळी धर्मचर्चा करायची नाही, असे तिला बजावले. स्वतः लिहिता येत नसल्याने तिने आपले आयुष्य इतरांकरवी लिहवून घेतले आणि त्यात स्वतःचा उल्लेख ‘हा जीव’ असा तृतीयपुरुषात केला. ते हस्तलिखित १९३४ मध्ये एका खासगी घरात सापडले आणि १९४० मध्ये मुद्रित झाले. तोवर पाचशे वर्षे तिची गणना न बोललेल्यांतच होत होती. नांगऱ्याजवळ मात्र असा लेखनिक कधी बसला होता की नाही, हे सांगणारे एकही पान अद्याप कोणाच्या कपाटात सापडलेले नाही.