बिनतारी मेळ

सरकारी शाळेचा मुख्याध्यापक हा अर्धा शिक्षक आणि अर्धा कारकून असतो. महिनाअखेरीस रोकडवही आणि बँकेचे पासबुक समोरासमोर ठेवून त्यांचा मेळ घातल्याखेरीज मला झोप येत नाही. एकीकडे एक आकडा आणि दुसरीकडे निराळा, ही अवस्था मनाला रुखरुख लावते. आणि मेळ बसला की पदरात एक पैसाही न पडता श्रीमंत झाल्यासारखे वाटते. वह्यांचे मेळ घालण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. पण गेल्या पावसाळ्यात माझा मोबाइल आणि माझा संगणक यांचा मेळ घालण्याची वेळ आली, तेव्हा मी तीन आठवडे हात टेकून बसलो होतो. त्या तीन आठवड्यांत जे कळले ते, आणि कळल्यानंतरही जे गमावले ते, येथे सांगतो. कारण आज हा प्रसंग कोणत्याही घरी येऊ शकतो.

निमित्त माझ्या आत्याचे. आत्या ८६ वर्षांची. इंदूरला रामबागेत आतेभावाकडे राहते. तिची स्मृती अजून लखलखीत आहे आणि तिच्या मराठीत माळव्याचे पाणी मुरलेले आहे. पुण्याकडचा पाहुणा तिचे ‘स्वयंपाक करून राहिले’ ऐकून गालात हसतो; आम्हाला मात्र त्या दोन शब्दांत आपले घर दिसते. एम. ए. ला मी मराठी शिकलो ती पुस्तकांतून. पुस्तकांत न आलेली मराठी आत्याच्या तोंडी आहे, हे ध्यानात यायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. मग दर रविवारी तिच्याकडे जायचे, मोबाइल तिच्या पानाच्या डब्याशेजारी ठेवायचा आणि तिला बोलते करायचे, असा नेम मी धरला. लग्नातली गाणी, कुळाचार, भावंडांच्या खोड्या, गिरण्यांच्या दिवसांतले इंदूर, असे सारे त्या ध्वनिमुद्रणांत जमू लागले.

ती ध्वनिमुद्रणे संगणकावर घेऊन, शांतपणे ऐकत, शब्दन् शब्द उतरवून काढावा असा बेत होता. मोबाइलच्या बुडाशी तार खोचण्याची जी खाच असते ती सैल झाली होती. जरा धक्का लागला की जोड तुटे. तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी, जो आता संगणकदुरुस्तीचे दुकान चालवितो, त्याने बिनतारी उपाय काढून दिला. एक विनामूल्य प्रोग्राम दोन्ही यंत्रांवर बसविला आणि दोहोंतला एकेक फोल्डर परस्परांशी बांधून टाकला. घरातल्या वाय-फायवरून, मध्ये कसलीही तार न घालता, एकीकडे पडलेले दुसरीकडे आपोआप उमटू लागले. रविवारी संध्याकाळी मी घरात पाऊल टाकावे आणि मी चपला काढीपर्यंत आत्याचा आवाज संगणकात जाऊन बसावा, असे महिनाभर सुखाने चालले.

मग जुना राउटर बिघडला, कंपनीचा माणूस येऊन नवा लावून गेला, आणि सारेच थांबले. मोबाइल म्हणे, ‘संगणक सापडत नाही’. संगणक म्हणे, ‘मोबाइल सापडत नाही’. दोघे एकाच खोलीत, एकाच टेबलावर, चार बोटांच्या अंतरावर! अबोला धरलेल्या दोन जावांची मला आठवण झाली.

येथे मी पहिली चूक केली. घाबरलेला मनुष्य एका दमात दहा गोष्टी करतो. मी राउटर बंद करून चालू केला, प्रोग्राम काढून पुन्हा घातला, मोबाइलच्या सेटिंगमधली दिसतील ती बटणे इकडची तिकडे केली. परिणाम इतकाच, की मूळचा दोष तर राहिलाच, आणि त्यात माझ्या पदरचे दोन मिळाले. शेवटी विद्यार्थ्याला बोलावले. त्याने यंत्राला हातही लावला नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “सर, तुम्हीच सांगत होतात ना, गणित चुकलं म्हणून सगळं पान खोडायचं नाही, एकेक पायरी तपासायची. एका वेळी एकच गोष्ट बदलू, आणि फरक पडला का ते बघू.” वीस वर्षांपूर्वीचे माझेच वाक्य मला व्याजासकट परत मिळाले.

पहिली पायरी अशी, की दोघे खरोखर एकाच घरात आहेत काय? नव्या राउटरने तीन नावांनी वाय-फाय सुरू केले होते. त्यांतली दोन घरची, एक पाहुण्यांसाठी. पाहुण्यांच्या नावाचा संकेतशब्द सोपा, म्हणून मी मोबाइल त्यावर जोडला होता. पाहुण्याला ओसरीवर बसवावे, चहा द्यावा, पण माजघरात सोडू नये, हा आपल्याकडचा जुना रिवाज राउटरही पाळतो. पाहुण्यांच्या वाय-फायवर असलेल्या यंत्राला इंटरनेट मिळते, घरातली इतर यंत्रे दिसत नाहीत. म्हणजे मोबाइल ओसरीवर आणि संगणक माजघरात, अशी स्थिती झाली होती.

मोबाइल घरच्या नावावर आणला. पण घरची नावे दोन का, हे मी विचारले. एक २.४ गिगाहर्ट्‌झचे आणि दुसरे ५ गिगाहर्ट्‌झचे. पहिल्याच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, दुसऱ्याची सुमारे सहा. आखूड लहरींवरून माहिती वेगाने जाते, पण भिंतीत त्या लवकर दमतात. लांब लहरी हळू, पण चिवट. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. तरी भिंत आपली जकात घेतल्यावाचून लहरीला सोडीत नाही. माझी अभ्यासाची खोली मागच्या बाजूस, दोन जाड भिंतींपलीकडे. तेथे लांब लहरीचे नाव बरे, असे ठरले.

दुसरी पायरी विश्वासाची. राउटर नवा, म्हणून संगणकाला वाटले की आपण परक्या ठिकाणी आलो आहोत. अशा वेळी तो विचारतो, की हे जाळे सार्वजनिक की खाजगी? बहुधा मीच घाईत ‘सार्वजनिक’ म्हणून मोकळा झालो होतो. मग स्वतःच्याच घरात तो रेल्वे स्थानकावर बसल्यासारखा ट्रंकेवर हात ठेवून बसला आणि कोणी हाक मारली तरी ओ देईना. ते ‘खाजगी’ करताच पडद्यावर मोबाइलचे नाव उमटले. मला हायसे वाटले. विद्यार्थ्याला वाटले नाही. कारण नाव दिसले तरी जुन्या-नव्याचा निवाडा होईना. काल लिहिलेले माझे टिपण संगणक कित्येक वर्षे जुने ठरवीत होता.

तिसरी पायरी घड्याळाची. “सर, तुमच्या संगणकाला आज २०१७ साल वाटतंय,” तो म्हणाला. संगणकाच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२. त्यातला २० म्हणजे व्यास वीस मिलिमीटर, आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. वीज बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. माझ्या जुन्या संगणकातला तो सेल संपला होता. पावसाळ्यात वीज गेली की घड्याळ मागे जाई. वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याची सोय होती, पण ती कोणीतरी बंद करून ठेवलेली. आणि दोन यंत्रांतल्या गोष्टींपैकी नवी कोणती हे वेळेवरून ठरवायचे असेल, तर दोघांची घड्याळे एक नकोत काय? इतकेच नव्हे, सुरक्षित जोडणीसाठी यंत्रे परस्परांना जी प्रमाणपत्रे दाखवितात त्यांवरही ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते. ज्याचे घड्याळच मागे, त्याला आजचे प्रमाणपत्र खोटे वाटते.

जाळ्यावरील संगणकांनी परस्परांची घड्याळे कशी जुळवावीत याची पद्धत डेव्हिड मिल्स या अमेरिकन संशोधकाने आखून दिली. १९८५ पासून ती चालत आली आहे. हे ऐकताना मला आत्याचे एक ध्वनिमुद्रण आठवले. ती म्हणते, “मिलचा भोंगा झाला की आमचे बाबा भिंतीवरचं घड्याळ लावायचे. घड्याळ चुकेल, भोंगा नाही चुकायचा.” गिरणी कामगारांना बोलावणारा तो भोंगा साऱ्या वस्तीची घड्याळे जुळवीत असे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. इतर गिरण्याही मिटल्या. आता भोंगा तारेतून येतो आणि तो आपल्याला ऐकू येत नाही, एवढाच फरक. नवा सेल घातला, वेळ घेण्याची सोय चालू केली, आणि टिपणांचा निवाडा बरोबर होऊ लागला.

चौथी पायरी झोपेची. मोबाइल स्वभावाने काटकसरी असतो. बॅटरी वाचावी म्हणून, समोर नसलेल्या प्रोग्रामांना तो गुपचूप निजवून ठेवतो. आपल्या प्रोग्रामाला या काटकसरीतून सूट द्यावी लागते. नाहीतर पडदा मिटला की मेळही मिटतो. ती सूट दिली, आणि पाचच मिनिटांत अडकून पडलेली ध्वनिमुद्रणे एकामागून एक संगणकात उतरली. मी मोजून पाहिली. इकडे सोळा, तिकडे सोळा. महिनाअखेरचा तोच जुना आनंद झाला.

येथे हा लेख संपला असता तर बरे होते.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रविवारी आत्याने झांक्यांची गोष्ट सांगितली. गिरणी कामगारांनी सजविलेल्या झांक्या रात्रभर रस्त्याने जात. त्या पाहायला ती लहानपणी कोणाच्या गॅलरीत जाऊन बसे, पहाटेपर्यंत कशी जागे, आणि घरी परतल्यावर काय झाले, असा अर्ध्या तासाचा ऐवज. मोबाइलची बॅटरी उतरत आलेली, म्हणून मी मध्येच बॅटरीबचतीचे बटण दाबले. दुसऱ्या दिवशी मोबाइल कुरकुरू लागला, की जागा भरली. मी विचार केला, सारे संगणकात आहेच. येथले काढून टाकू. सतराही काढली. मोबाइलमधली कचरापेटीही रिकामी केली, कारण त्याखेरीज जागा मोकळी होत नाही. दोन दिवसांनी संगणक उघडला, तो फोल्डर रिकामा!

दोष यंत्राचा नव्हता. त्याने आज्ञेचे अक्षरशः पालन केले होते. मेळ म्हणजे दोन्हीकडे सारखे असणे. एकीकडे भर पडली तर दुसरीकडे भर, एकीकडे वजा झाले तर दुसरीकडे वजा. जन्मभर वह्यांचे मेळ घालणाऱ्या मला हे कळू नये? दोन वह्या जुळल्या याचा अर्थ पैसा सुरक्षित आहे असा होत नाही. दोहोंत शून्य असले तरीही मेळ बसतोच. मेळ वेगळा, जतन वेगळे. जतन करणारी प्रत ही मेळापासून दूर, अलिप्त ठेवावी लागते.

विद्यार्थी दूरदर्शी निघाला. काढून टाकलेली फाइल लगेच नष्ट न करता तीस दिवस एका वेगळ्या कप्प्यात ठेवावी, अशी सोय त्याने संगणकावर आधीच करून ठेवली होती. ही सोय मुळात बंदच असते, आपण होऊन चालू करावी लागते. त्या कप्प्यात सोळा ध्वनिमुद्रणे सुखरूप सापडली. सतरावे सापडले नाही. मीच दाबलेल्या बटणाने प्रोग्राम निजला होता, तेव्हा ते संगणकापर्यंत कधी पोचलेच नव्हते. मी मोजून न पाहता पुसले. शाळेत एखाद्या लिपिकाने असे केले असते तर मी त्याला लेखी खुलासा मागितला असता.

आता एक प्रत संगणकात, एक कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर, आणि एक परगावी असलेल्या मुलीकडे आहे. डिस्क एरवी कशालाच जोडलेली नसते. पुसण्यापूर्वी मी दोन्हीकडची संख्या मोजतो आणि एक-दोन फाइली उघडून ऐकतो. ज्यांच्या घरी अशी आत्या, आजी किंवा काका आहेत त्यांनी एवढे करावे, ही विनंती.

पुढच्या रविवारी आत्यापुढे अपराध्यासारखा बसलो आणि झांकीची गोष्ट पुन्हा सांगशील का, म्हणून विचारले.

“मागच्या खेपेला सांगितली ना?”

“माझ्याकडून हरवली, आत्या.”

“तुझ्या त्या डबीत होती ना? मग कशी हरवली?”

मी मेळ, जतन, बॅटरी असे काहीबाही समजावू लागलो. तिने पानाला चुना लावता लावता ऐकून घेतले. मग म्हणाली, “बरं झालं हरवली. त्या दिवशी तू घाईत होतास, बाबांनी काय शिक्षा दिली ते सांगायचं राहूनच गेलं होतं.” आणि पान तोंडात घालण्याआधी तिने माझ्या मोबाइलकडे बोट केले. “आधी बघून घे. तुझी डबी जागी आहे का झोपून राहिली?”

मी पाहून घेतले. जागी होती.