पाठकोरे कागद

मला चित्रकला येत नाही, ही गोष्ट गेली तीस वर्षे मी मोठ्या थाटात सांगत आले. काही माणसे आपल्याला गणित येत नाही म्हणून सांगतात, काही आपल्याला शिळे चालत नाही म्हणून सांगतात. त्या सांगण्यात कबुलीपेक्षा तोराच अधिक असतो. माझेही तसेच होते. सहावीत असताना वर्गात मी एक मोर काढला होता. चित्रकलेच्या बाईंनी तो उंच धरून साऱ्या वर्गाला विचारले, "हे बदक कोणाचं?" वर्ग हसला, मीही हसले, आणि त्या दिवशी रंगांची पेटी जी मिटली ती मिटलीच. पुढे मॅट्रिक झाले, बालवाडीत शिकवू लागले, रात्री जागून दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्या छापूनही आल्या. पण मोर राहिला तो राहिलाच.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र तिसरी कादंबरी अडली. आम्ही मानखुर्दचे. इथे १९५१ साली आगगाडी आली आणि पुढे खाडी म्हणून थांबली. एकेचाळीस वर्षे गाडी मानखुर्दच्या पुढे गेली नाही. १९९२ साली खाडीवरून रूळ गेले, तेव्हा कुठे ती वाशीला पोहोचली. माझी कादंबरीही अशीच खाडीकाठी येऊन उभी होती. एकशेबारा पाने झाली होती आणि एकशेतेरावे काही केल्या उमटत नव्हते.

कादंबरी आईवर होती. आईला जाऊन तीन वर्षे झाली. लिहायला बसावे तो 'माउली', 'चंदनासारखी झिजली', 'मायेचा सागर' असले शब्द न बोलावता हजर होत. मी ते खोडीत बसे. खोडता खोडता समास काळा होई, आणि रात्रीचे बारा वाजले की दिवा मालवून मी अपराध्यासारखी अंथरुणावर पडे. मनात एकच भीती असे. शब्द आटले याची नव्हे. आईच विसरत चालली आहे की काय, याची.

अशाच एका रात्री त्या काळ्या समासाकडे पाहता पाहता रवींद्रनाथ आठवले. हस्तलिखितात खोडलेल्या ओळी ते एकमेकींना रेघांनी जोडीत आणि त्यांतून पक्षी, चेहरे, कोणी कधी न पाहिलेली जनावरे निघत. साठी उलटल्यावर लागलेला हा नाद! १९३० साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते, आणि अखेरपर्यंत त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. कविगुरूंची खोडाखोड निराळी आणि आपली निराळी, हे मला समजत होते. पण पेन्सिल तर दोघांना सारखीच!

आणखी एक गुरू मला माझ्या वर्गातच भेटला. साडेचार वर्षांचा. त्याने माझे चित्र काढले होते. डोके भोपळ्याएवढे, आणि दोन्ही हातांना मिळून वीस-बावीस बोटे. मी विचारले, "अरे, बाईंना इतकी बोटं?" तो म्हणाला, "तुम्ही सारख्या मोजायला लावता ना!" मी निरुत्तर झाले. बालवाडीत इतकी वर्षे काढली, पण खडू हातात दिल्यावर "मला येत नाही" असे म्हणणारे मूल मला तिथे भेटले नाही. तीच मुले तिसरी-चौथीत गेली की म्हणू लागतात. मधल्या काळात त्यांनाही कोणीतरी बदकाबद्दल विचारलेले असणार!

तेव्हा मी ठरवले, आपणच आपली शाळा काढायची. विद्यार्थिनी एक, बाई एक, वर्ग स्वयंपाकघरात. चिरंजीवांच्या कॉलेजच्या छापील टिपणांचा गठ्ठा रद्दीत जायचा होता, तो पाठकोऱ्या कागदांसाठी मी ठेवून घेतला. नियम तीन केले. रोज पंधरा मिनिटे काढायचे. खोडरबर वापरायचा नाही. आणि 'छान' किंवा 'वाईट' हे शब्द उच्चारायचे नाहीत. चिरंजीव म्हणाले, "आई, फोनवर आपोआप चित्र होतं हल्ली." मी म्हटले, "होत असेल. मला व्हायला नको आहे, करायला हवं आहे."

पहिला धडा एका पुस्तकातून घेतला. निकोलाइडिस नावाचे एक अमेरिकन चित्रशिक्षक होते. त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात, १९४१ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे असे, की नजर वस्तूवर ठेवावी, कागदाकडे पाहूच नये. पेन्सिलीचे टोक कागदावर नसून त्या वस्तूच्या कडेलाच टेकले आहे अशा समजुतीने मुंगीच्या चालीने पुढे सरकावे. मी चहाची किटली समोर ठेवली आणि निघाले. वाटेत तिच्या तोटीवरचा पोचा लागला. बारा वर्षे मी त्या किटलीतून चहा ओतते आहे, पण तो पोचा पहिल्यांदाच पाहिला! चित्र पुरे झाल्यावर हे डोकावले आणि म्हणाले, "म्हैस का?" मी म्हटले, "किटली." हे गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे चहाला दूध घरचंच!"

दुसरा धडा पोकळीचा. वस्तू काढायची नाही. वस्तूंच्या मधली मोकळी जागा काढायची. हा धडा मी वाशीला जाताना गाडीत गिरवला. खाडीत ओहोटीच्या चिखलावर रोहित पक्षी उभे होते. ठाणे खाडीचा वाशी पुलाच्या उत्तरेकडचा भाग २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुलावरून गाडी जायला किती वेळ लागणार! मी त्यांचे पाय काढले नाहीत, पायांमधले पाणी काढले. वाशी आले तेव्हा कागदावर नुसते लांबट तुकडे होते. पण कागद जरा दूर धरला, आणि त्या तुकड्यांमधून पाय उभे राहिले. न काढलेले पाय!

तिसऱ्या धड्याला मी महिनाभर हात लावला नाही. बेट्टी एडवर्ड्स या बाईंचे १९७९ सालचे पुस्तक आहे. त्या शिकणाराला पिकासोने काढलेले स्ट्राविन्स्की या संगीतकाराचे रेखाचित्र देतात, आणि ते उलटे धरून, डोके खाली पाय वर असे, उतरवायला सांगतात. कारण सरळ आहे. चित्र सुलटे असले की आपण 'हे नाक, हा डोळा' असे म्हणतो, आणि समोरच्या नाकाऐवजी आपल्या मनातले नाक काढतो. उलटे केले की नावे गळतात आणि रेघा उरतात.

श्रावणातल्या एका दुपारी घरात कोणी नव्हते. मी भिंतीवरची आईची तसबीर काढली, हार बाजूला ठेवला आणि ती उलटी करून ओट्याला टेकवली. क्षणभर हात थरथरला. आईला असे डोके खाली करून ठेवणे बरे का? मग पेन्सिल घेतली. एक वाकडी रेघ. तिच्याशेजारी तीन बारीक रेघा. एक काळा कोपरा. एक घडी, घडीत आणखी एक घडी. कुकर लावायचा राहिला, दुधाची वेळ टळली. पाऊण तासाने कागद सुलटा केला.

हुबेहूब वगैरे काही नव्हते. एक कान तर हनुवटीपाशी आला होता. पण ओठांचा उजवा कोपरा दाबलेला होता आणि भुवई चढलेली होती. मी तसबिरीकडे पाहिले. तिथेही तसेच होते! आई हसत नव्हतीच मुळी. ती चिडलेली होती. मग सारे आठवले. दिवाळीची पहाट, भाऊ नवा कॅमेरा घेऊन दारात उभा, आईच्या हाताला रांगोळी लागलेली, आणि आत कढईत चकल्या. "उरक रे बाबा, जळतायत त्या!" असे ती म्हणाली होती, आणि त्यातल्या चार खरोखरच जळाल्या होत्या. तीन वर्षे त्या फोटोला मी हात जोडत होते. त्याच्याकडे पाहिले मात्र नव्हते. 'आई' हा शब्द तेवढा पाहत होते.

एकशेतेरावे पान त्या रात्री लिहिले. त्यात माउली नाही. जळक्या चकल्यांचा वास आहे, आणि एक तापट, घाईतली बाई आहे.

पुढच्या आठवड्यात मी आईची ट्रंक उघडली. तळाशी तिची रांगोळीची वही निघाली. पानापानावर ठिपके, बाजूला 'अकरा ते एक', 'पंधरा ते आठ' असे हिशेब. शेवटी ठिपक्यांची छिद्रे पाडलेला, घडीवर फाटत आलेला एक कागद. ती वही मी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले. मी पुस्तकांतून धडे गोळा करत होते, आणि ही बाई चाळीस वर्षे रोज पहाटे तोच तास घेत होती! तिला खोडरबर नव्हता, बक्षीस नव्हते, प्रदर्शन नव्हते. आठ वाजेपर्यंत दूधवाला, शाळेची मुले, नळाकडे निघालेल्या बायका यांच्या पायांनी सारे पुसले जाई. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसे. "मला चित्रकला येते" असे ती कधी म्हणाली नाही, आणि "येत नाही" असेही नाही. तिला तो प्रश्नच कधी पडला नव्हता.

दसऱ्याला मी उंबऱ्याबाहेर बसले. चिमटीतून रांगोळी सोडणे पाहायला सोपे असते. माझी रेघ कुठे नदीसारखी पसरली, कुठे तुटली. ठिपके वहीतलेच घेतले, मात्र ते जोडून मोर काढला. शेजारची चिमुरडी उकिडवी बसून न्याहाळत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, बदक छान झालंय!"

मी हसले. 'छान' म्हणायचे नाही, हा नियम तिला सांगायचा राहून गेला. आता दिवाळीला पुन्हा काढणार आहे. वहीत अजून साठ-सत्तर पाने आहेत, आणि कादंबरीचे एकशेएकोणचाळिसावे चालू आहे.