आधी खरं बोल

माझं माहेर नगरचं. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१मध्ये सुरू झालं, त्यामुळे आमच्यासारख्या घरांत ख्रिस्ती श्रद्धा चार-पाच पिढ्या मुरलेली. संध्याकाळी दिवे लागले की आजोबा पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचत, आजी ‘उपासना संगीत’मधलं गीत सुरू करी, आणि मग सगळ्यांत धाकट्यापासून एकेकाने प्रार्थना करायची. प्रार्थनेची भाषा अशी ऐकून ऐकूनच तोंडात बसली. तान्हेपणी बाप्तिस्मा, शाळेत असताना दृढीकरण, दर रविवारी उपासना. लग्न होऊन नवीन पनवेलला आले, तेव्हा ही सगळी शिदोरी बरोबर होती. तिच्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. देवाची ओळख मला त्या घराने करून दिली.

त्या ओळखीचं नातं झालं ते पनवेलमध्ये, आणि एका कठीण काळात.

माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडली. मुलगी बारावीला, फ्लॅटचे हप्ते चालू, आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर. संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही तिघं बसायचो खरे, पण माझी पाळी आली की ‘हे दयाळू पित्या, आम्ही तुझे आभार मानतो’ याच्या पुढे शब्दच फुटत नसत. आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर पाळकीणबाई एका दुपारी घरी आल्या. चहा झाला, विचारपूस झाली, आणि मी काही सांगायच्या आतच त्या म्हणाल्या, “अगं, तू देवाशी पाहुण्यासारखी बोलतेस. घरात आलेल्या पाहुण्यासमोर जशी सगळं ठीक आहे म्हणतेस, तशी. आधी खरं बोल. आभार नंतर मान.” मग त्यांनी माझं शास्त्र मागून घेतलं, स्तोत्र १३ काढलं आणि म्हणाल्या, “हे रोज वाच. आठवडाभर दुसरं काही वाचू नकोस.”

तेरावं स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचं. त्यातल्या पहिल्या दोन ओव्यांतच कवी देवाला चार वेळा विचारतो, की हे असं कुठवर चालायचं? तू मला विसरलास का, असं तो तोंडावर विचारतो. शेवटी तो देवाच्या दयेवर भरवसा ठेवतो, पण त्याआधी मनातलं सगळं बाहेर काढतो. पुढे मी अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रापर्यंत आले. त्यात तर शेवटपर्यंत दिलासा नाही. ते अंधारावरच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत म्हटलं जातं. ज्या देवाने अशी प्रार्थना आपल्या ग्रंथात राहू दिली, त्याच्यापुढे मला सजवून बोलायची गरज नव्हती.

ही स्तोत्रं मुळात यहुदी लोकांची. जुन्या पनवेलमध्ये बेने इस्रायल समाजाचं बेथ एल सिनेगॉग १८४९पासून उभं आहे. बाजारात जाताना मी त्यावरून कितीदा गेले असेन. आता तिथून जाताना मनात येतं, की या गावात माझ्या आधी कितीतरी पिढ्यांनी हीच स्तोत्रं हिब्रूतून म्हटली असतील. आपलं रडगाणं एकट्याचं नाही, ते फार जुन्या सोबतीत गायलं जातंय, याने मोठा धीर येतो.

माझी नोकरी फोर्टमध्ये. पनवेलहून लोकल सुटते, म्हणून सकाळी थोडं आधी स्टेशन गाठलं की खिडकी मिळते. सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाहून जास्त वेळ. घरात न मिळणारा निवांतपणा मला या गाडीत मिळाला. येशूने प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं आहे. माझी खोली म्हणजे ती खिडकी. आमच्या डब्यात बायकांचं भजनी मंडळ आहे. मानसरोवर येईतो टाळ बाहेर निघतात आणि तुकोबांचे अभंग सुरू होतात. पहिले काही दिवस वाटलं, या आवाजात माझं वाचन कसं होणार? पण अभंग कानावर पडत राहिले आणि नारायण वामन टिळक आठवले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. टिळकांच्या हातात नवा करारही आला तो आगगाडीतच. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने तो दिला. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पण मला त्या काळात टिळकांहून जवळची वाटली ती लक्ष्मीबाईंची गोष्ट. नवरा एवढा मोठा भक्तकवी, तरी त्याच्या पाठोपाठ त्या गेल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा १९००मध्ये झाला. मधली वर्षं दुःखाची होती, वियोगाची होती, पण ती त्यांची स्वतःची होती. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना हे मला पहिल्यांदा जाणवलं. आजोबांची श्रद्धा मला वारशाने मिळू शकते, देवाशी असलेलं त्यांचं नातं नाही. ते ज्याचं त्याने जोडायचं असतं.

गाडीतल्या त्या वेळाला हळूहळू एक वळण लागलं. एका आठवड्याला एकच स्तोत्र, किंवा मार्कच्या शुभवर्तमानातला एखादाच प्रसंग. आधी ओठांतल्या ओठांत संथ वाचायचं. एखादा शब्द मनाला लागला की तिथेच थांबायचं, पुढे जायची घाई करायची नाही. मग आपलं जे काही असेल ते देवाला साध्या घरच्या मराठीत सांगायचं: हप्ता, मुलीची परीक्षा, नवऱ्याचं गप्प गप्प राहणं, मला येणारा राग. आणि मग काहीही न मागता, काहीही न बोलता बसायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. वाशीच्या पुलावर खाडी दिसायला लागली की वाचन मिटायचं आणि गोवंडी-चेंबूरपर्यंत नुसतं त्याच्यासमोर बसायचं, असं मी ठरवून टाकलं. मन भटकायचं, भटकलं की त्या आठवड्याच्या स्तोत्रातला तो शब्द मनात म्हणायचा आणि परत यायचं.

मध्ये कित्येक आठवडे असे गेले, की काहीच वाटलं नाही. डोळे भरून आले नाहीत, शांती आली नाही, उत्तर मिळालं नाही. त्या कोरड्या दिवसांत मला पंडिता रमाबाईंनी धरून ठेवलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ला झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटायचा राहिला होता, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितलं आहे. ती भेट सुमारे आठ वर्षांनी झाली. एवढी विदुषी, एवढी सत्यशोधक बाई. तिलाही वाट पाहावी लागली. आणि भेट झाल्यावर तरी काय? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या विधवांची आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींची आई झाल्या, आणि जोडीला हिब्रू-ग्रीक शिकून वर्षानुवर्षं शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. छपाईचं काम मुक्तीतल्या बायका-मुलींनीच केलं. १९२१मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, गेली. तरी रमाबाईंनी काम सोडलं नाही. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. देवाशी जवळीक म्हणजे सतत भरून येणारं मन, अशी माझी समजूत होती. रमाबाईंकडे पाहून मला कळलं, की रोज ठरल्या वेळी त्याच्यापाशी येऊन बसणं हीसुद्धा जवळीकच आहे. मन भरून येणं त्याच्या हातात. येऊन बसणं माझ्या.

नातं खोल झालंय का, हे कशावरून ओळखायचं? माझ्यापुरतं उत्तर मला जाऊबाईंच्या निमित्ताने मिळालं. सासरच्या गावच्या जमिनीच्या वाटणीवरून त्यांचा-आमचा अबोला होता. मार्कच्या अकराव्या अध्यायात येशू सांगतो, की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध मनात काही असेल तर आधी क्षमा करा. त्या आठवड्यात मी दुसरं काही वाचूच शकले नाही. देवाला खरं ते सांगितलं, की मला क्षमा करायची इच्छा नाही. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. असं सांगत सांगतच केव्हातरी राग सैल झाला आणि एका संध्याकाळी गाडीतूनच मी फोन लावला. पलीकडून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “घरी कधी येतेस?” जमिनीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आम्ही दोघी मात्र बोलतो, आणि यंदा नाताळची करंजी त्यांच्या घरी एकत्र केली.

नवऱ्याला पुढे कळंबोलीत काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी आहे. हे मी प्रार्थनेचं उत्तर म्हणून मांडत नाही. काम मिळालं नसतं, तरी तो सव्वा तास मी सोडला नसता, कारण तोवर मी देवाकडे काही मागायलाच जाते असं राहिलं नव्हतं.

कुणी मला विचारलं, की देवाच्या जवळ जायचंय, सुरुवात कुठून करू? तर मी पाळकीणबाईंनी मला सांगितलं तेच सांगते. ठरलेली वेळ काढ, थोडंच वाच, आणि जे आहे ते त्याला खरं सांग. राग असेल तर राग, शंका असेल तर शंका, आनंद असेल तर आनंद. आपण खरे होऊन बसलो, की पुढचं तो करतो. माझ्या बाबतीत त्याने केलं.