ठमीचा डोळा

आमच्या ढोकीच्या घरात कुत्रं टिकलं नाही, मांजर टिकलं नाही. टिकली ती ठमी. समोरच्या खोलीत तुळजाभवानीच्या तसबिरीमागे तिचा कायमचा मुक्काम. पिवळसर पोटाची साधी घरपाल. शेपटी एकदा खिडकीच्या झडपेत सापडून तुटली आणि नवी उगवली ती आखूड, गुळगुळीत, अंगाशी रंग न जुळणारी. एवढ्या पालींत ती ओळखू यायची ती त्या शेपटीवरून. नाव आईनं ठेवलं. बोलण्याच्या मधेच ठमी चुकचुकली की आई "खरंय बघ" म्हणून जमिनीला बोट टेकवायची. अंगावर पाल कुठं पडली तर काय फळ, याचा तक्ता आमच्या पंचांगात होता. माणूस पालीवर पडला तर पालीला काय फळ, याचा मात्र कुठंच नाही.

कारखान्याचा गळीत हंगाम ऐन थंडीतला. मळीचा वास गावभर असे तेव्हा ठमी फारशी दिसायची नाही. होळीनंतर बाहेर पडायची. मृगाच्या सरींनंतर पंख फुटलेली वाळवी ट्यूबलाइटभोवती घोंगावू लागली की तिची दिवाळी. कधी पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसायची.

कातही ती आमच्या देखत टाकायची. अंग आधी पांढुरकं, निस्तेज व्हायचं. मग ती भिंतीला अंग घासायची आणि पंजावरची कात तोंडानं हातमोज्यासारखी ओढून काढायची. काढली की खाऊन टाकायची. माझ्या बायकोला ते बघवायचं नाही. मला मात्र टाकाऊ काहीच न सोडण्याचा हा संसारीपणा आवडायचा.

एका मे महिन्यात तिचा नेम चुकायला लागला. पतंग अगदी समोर, ठमी झेपावली आणि तोंड बोटभर बाजूला आपटलं. पुन्हा तेच. स्टुलावर चढून बॅटरी मारली. उजव्या डोळ्यावर मळकट पडदा होता, कडेनं जुन्या कातीचं कडं वाळून बसलेलं. ती जीभ काढून डोळ्यावरून फिरवत होती, पण पडदा हलत नव्हता. मागच्या पायाच्या बोटांनाही कातीचे गुंडाळे अडकलेले.

घरपालीला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा पारदर्शक खवला असतो, तो जिभेनं पुसायचा आणि दर कातीबरोबर बदलायचा, अशी तिची सोय. जुनी कात सुटायला तिच्याखाली ओल लागते. हवा फार कोरडी असली की ही ओल आटते आणि कात जागच्या जागी चिकटते, बहुतेक डोळ्याभोवती, बोटांवर, शेपटीच्या टोकाला. बोटावर राहिलेलं कडं पुढं आवळतं आणि बोट झडूही शकतं. आमच्याकडचा मे म्हणजे निव्वळ भट्टी. मोरीतल्या पाली मात्र त्याच दिवसांत स्वच्छ कात टाकत होत्या. तिथं ओल होती.

गावात जनावरांचा डॉक्टर म्हणजे म्हशी-शेळ्यांचा. भाचा उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता, त्याला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "मामा, चिमटा हातात धरायचा नाही बरं. जुन्या खवल्याखाली नवा असतो. वाळलेलं ओढाल तर डोळाच जाईल. ओलीत ठेवा."

श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, झाकणाला दाभणानं भोकं पाडली, आत जुन्या धोतराचा पिळून ओला केलेला तुकडा घातला. ठमीवर डबा पालथा ठेवून खालून पुठ्ठा सरकवला. हातानं धरली असती तर उरलेली शेपटीही गेली असती. डबा रात्रभर कोनाड्यात. "काय करायलास रे, पालीचं बाळंतपण?" आईनं विचारलं आणि फडकं वाळतंय का ते बघायला रात्री स्वतःच उठली.

सकाळी कात फुगून मऊ झाली होती. बोटांवरचे गुंडाळे ठमीनं रात्रीच काढून टाकले होते. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा डोळ्याच्या कडेवर हलके फिरवला, न दाबता. कडं एका बाजूनं सुटलं आणि त्याच्याबरोबर बारीक, गोल, पारदर्शक चकतीही आली. खालचा डोळा लख्ख, मधे उभी काळी चीर. ठमीनं लगेच जीभ फिरवून तो पुसला.

संध्याकाळी तिनं पहिल्याच झेपेत किडा धरला. तेव्हापासून उन्हाळ्यात तसबिरीजवळ ओल्या वाळूची पणती ठेवायची आमच्याकडे पद्धत पडली. घरपाल विषारी असते, ही समजूत आमच्या गल्लीत आजही घट्ट आहे, आणि ती साफ खोटी आहे.

पुण्या-मुंबईत हौसेनं पाळतात त्या लेपर्ड गेको पालीला मात्र पापण्या असतात. तिथं कात पापणीच्या आत अडकते आणि खाण्यात अ जीवनसत्त्व कमी पडलं तर त्रास वाढतो. तिच्या खोक्यात ओलसर शेवाळाचा एक आडोसा कायम ठेवा. एका रात्रीच्या ओलीनं कात सुटली नाही, किंवा डोळा सुजला, तर घरचे उपाय थांबवून सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर गाठा. आणि पाल हाताळल्यावर साबणानं हात धुवा. तिला विष नसलं तरी तिच्या अंगावरून साल्मोनेला जंतू येऊ शकतात.