ओढ सांगता येणे

व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तरुण मुलगा उभा राहतो. निवृत्तीनंतरच्या रिकाम्या संध्याकाळी वाढत गेलेले मद्यपानही अनेक घरांत असते. पण वयाचा मान राखून त्याविषयी बोलणे टाळले जाते. ‘आता या वयात काय बदलणार?’ असे म्हणून नातलग विषय संपवतात. माझ्या यजमानांनी वयाच्या ६६व्या वर्षी निवासी व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस काढले. त्या अनुभवातून या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले.

प्रथम शरीराविषयी. वाढत्या वयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढ्याच मद्याचा परिणाम अधिक होतो. झोपेची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. तरीही वर्षानुवर्षांची रोजची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येतात किंवा भ्रम होतो, आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत.

पुढचे काम मनाचे. महाराष्ट्रात अनेकांना या उपचारांची ओळख झाली ती पुण्याच्या ‘मुक्तांगण’मुळे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ते सुरू केले. यजमानांचे केंद्र निराळे होते. सकाळचा व्यायाम, श्रमदान, समुपदेशन, दैनंदिनी आणि गटसभा असा तेथील दिनक्रम होता. जन्मभर कार्यालयात इतरांचे हिशेब तपासलेले हे गृहस्थ तेथे विशीतल्या मुलांच्या शेजारी बसून ताटे घासत. गटसभेत प्रत्येकाने स्वतःविषयी बोलायचे आणि इतरांनी उपदेश न करता ऐकायचे, असा नियम होता. पहिले काही दिवस ते केवळ नाव सांगून गप्प बसत. तिसऱ्या आठवड्यात मी भेटीस गेले, तेव्हा समुपदेशकांसमोर ते म्हणाले, “सकाळी उठल्यावर माझी कुठेच कुणी वाट पाहत नाही, हे मला सहन होत नव्हते.” अडतीस वर्षांच्या संसारात ‘सहन होत नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले.

घरी परतल्यावर चौथ्या महिन्यात एका तिन्हीसांजेला ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, “आज फार ओढ वाटते आहे.” कुटुंबीयांच्या सभेत आम्हांला सांगितले होते, की अशा वेळी रागावू नये आणि जुने उकरून काढू नये. माझ्या पोटात गोळा आला होता. मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि आम्ही दोघे चालायला निघालो. तासाभरात ती लाट ओसरली. पूर्वी याच वेळी ते काही निमित्त सांगून एकटेच बाहेर पडत. ओढ आजही येते. ती आता आम्हां दोघांना ठाऊक असते. माझ्या लेखी त्यांची वाढ ती हीच.

आपल्या घरी असे कुणी असेल, तर परत आल्यावर त्यांच्यावर पहारा ठेवू नका, जबाबदारी द्या. विजेचे बिल भरणे, नातवाला शाळेतून आणणे अशी रोज कुणीतरी वाट पाहील अशी कामे द्या. केंद्राच्या पाठपुराव्याच्या भेटी चुकवू नका. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभा व्यसनी व्यक्तीसाठी असतात, तशा ‘अल-अ‍ॅनॉन’च्या सभा कुटुंबीयांसाठी, तेथे आपणही जावे. पाऊल पुन्हा घसरलेच, तर रक्तातील साखर वाढल्यावर आपण जसे करतो, तसे लाज न बाळगता डॉक्टरांना गाठावे. कुठून आरंभ करावा हे सुचत नसेल, तर १४४४६ ही शासनाची निःशुल्क मदतवाहिनी आहे. वय कितीही असो, तेथे फोन करता येतो.