केव्ही-१ चा गिअरबॉक्स आणि मी खोडलेलं एक वाक्य

गेले तीन आठवडे रात्री बातम्या पाठवून झाल्या की मी प्लॅस्टिकचा रणगाडा जोडत बसतोय. सोव्हिएत केव्ही-१, १९४१ सालचा, १:३५ मापाचा. खरा पावणेसात मीटर लांब होता, माझा जेमतेम १९ सेंटिमीटर भरेल. कुरिअरवाला खोका देऊन गेला तेव्हा बायकोला वाटलं पोराने मागवलाय. पोरगं बारावीला, त्याला कुठला वेळ. किंमत घरात अजून सांगितलेली नाही, त्यामुळे इथेही सांगत नाही.

ज्यांनी अंगणात दिवाळीचा किल्ला केलाय त्यांना हे वेड कळेल. फरक एवढाच की किल्ल्यात चुकलं तर वरून माती थापता येते. इथे प्रत्येक तुकडा चौकटीतून कापायचा, पॉलिश पेपरने कडा घासायची आणि ग्लूचा अगदी थेंब लावायचा. जास्त झाला की प्लॅस्टिकच विरघळतं. एका बाजूला सहा मोठी चाकं, वर तीन छोटे रोलर, त्यावरून पट्टा. खरा पट्टा लोखंडाचा, स्वतःच्या वजनाने दोन रोलरच्या मध्ये झोळ घेतो. प्लॅस्टिकला कसलं वजन? म्हणून ग्लू वाळेपर्यंत मध्ये कापूस कोंबून तो खाली दाबून ठेवावा लागतो. दोन रात्री त्यातच गेल्या. चाळिशीच्या चष्म्याने तर पार हात टेकले.

केव्हीचं नाव झालं ते चिलखतामुळे. पुढून आणि बाजूने ७५ मिलिमीटर पोलाद, म्हणजे माझ्या मापात दोन मिलिमीटरच्या थोडं वर. जून १९४१ मध्ये जर्मन घुसले तेव्हा त्यांच्या नेहमीच्या ३७ मिलिमीटर रणगाडाविरोधी तोफांचे गोळे यावर आपटून उडायचे. लिथुआनियात रासेइनाय गावाजवळ केव्ही जातीच्या एकट्या रणगाड्याने रस्ता अडवला आणि एका अख्ख्या जर्मन पॅन्झर डिव्हिजनच्या तुकडीला जवळजवळ दिवसभर डोकं धरून बसवलं. आतल्या पोरांची नावंसुद्धा नीट माहीत नाहीत. शेवटी जर्मनांनीच त्यांना पुरलं.

ही गोष्ट वाचूनच मी हा खोका मागवला होता. पण जोडता जोडता एक लक्षात आलं. खोक्यात चिलखत आहे, तोफ आहे, टरेटच्या मागची मशीनगनसुद्धा आहे. गिअरबॉक्स नाही. मागचं झाकण चिकटवलं की संपलं, आत पोकळ. आणि या रणगाड्याचं खरं दुखणं तर तिथेच होतं.

४५ टनांचं धूड, ६०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आणि तो भार न पेलणारे गिअर नि क्लच. गिअर बदलताना चालकाचा जीव जायचा. १९४२ मध्ये एक केव्ही तपासणीसाठी अमेरिकेत अ‍ॅबर्डीनला पाठवला, तिथल्या लोकांनीही याच भागावर बोट ठेवलं. १९४१ च्या उन्हाळ्यात कितीतरी केव्ही गोळा लागून नाही, तर बंद पडून, डिझेल संपून रस्त्याच्या कडेला सोडून द्यावे लागले. कुठे पूलच वजन घेत नव्हते. फोटो आहेत. चिलखत शाबूत, आत माणूस नाही.

मग हे आधी कुणाला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. लेनिनग्राडच्या किरोव कारखान्यात लष्कराचे तपासनीस बसायचे. त्यांच्यातल्या एकाने १९४० सालीच वर पत्र लिहून कळवलं होतं की हे यंत्र अजून अर्धकच्चं आहे. पण त्या वर्षी आकडा गाठायचा होता. आणि केव्ही म्हणजे क्लिमेंट वोरोशिलोव, संरक्षण खात्याचा प्रमुख. १९४० च्या मे महिन्यात त्याचं ते पद गेलं, तरी रणगाड्यावर नाव तेच राहिलं. नुकतीच ३७-३८ ची धरपकड होऊन गेलेली. अशा वेळी साहेबाच्या नावाच्या रणगाड्याचा गिअर अडकतो, हे कागदावर लिहायला काय छाती लागली असेल!

पुढे १९४२ मध्ये कातुकोव या सेनानीने स्टॅलिनला तोंडावर सांगितलं, की केव्ही जड आहे, पूल मोडतो, आणि तोफ तर हलक्या टी-३४ सारखीच ७६ मिलिमीटरची. त्याने तसं आठवणींत लिहून ठेवलंय. त्याच वर्षी चिलखत कमी करून, गिअरबॉक्स बदलून केव्ही-१एस आला. नंतरच्या जड रणगाड्यांना खुद्द स्टॅलिनचं नाव दिलं, आणि १९५३ मध्ये तो गेल्यावर त्या मालिकेतला शेवटचा निमूटपणे टी-१० झाला. नावांचं हे असं.

आता माझं. नऊ वर्षांपूर्वी आपल्या गावात पाणी योजनेचं उद्घाटन झालं. योजनेला नेत्याचं नाव, ते इथे लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. आदल्या संध्याकाळी पंपहाऊसवर एका कनिष्ठ अभियंत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पत्रकार, पंप चाळीस मिनिटांवर चालत नाही. उद्यापुरतं पाणी टाकीत चढवून ठेवलंय." मी ते बातमीत लिहिलं. रात्री पुन्हा वाचताना मीच खोडलं. संपादकांनी नाही, कुणाचा फोनही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात चार पानी शुभेच्छा पुरवणी होती, एवढं मला माहीत होतं. मथळा छापला, 'योजना कार्यान्वित'. खाली फीत कापतानाचा फोटो. टाकी फार छान दिसत होती.

आज गावाला चौथ्या दिवशी पाणी येतं. ते अभियंता साहेब पुढे बदलून गेले, आता निवृत्त आहेत. परवा त्यांना फोन केला. पंधरा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्यावर मूळ विषय काढला. ते म्हणाले, "चाचणी अहवालात मी लिहिलं होतं हो. फाईलला असेल."

मंगळवारी माहितीच्या अधिकारात तो अहवाल मागितलाय. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर येईल ते, जसं असेल तसं, इथेच टाकतो. रणगाड्याला हिरवा रंग द्यायचा राहिलाय. मागचं झाकण अजून चिकटवलेलं नाही.