भरंवशाची गाडी

भरंवशाच्या म्हशीला टोणगा झाल्याचें दुःख आपल्या म्हणींत नमूद आहे. बिनभरंवशाच्या म्हशीला काय झालें, ह्याची मात्र कोणीं चौकशी केलेली नाहीं. ह्यांत मोठें मर्म आहे. जिच्यापासून आपण कशाचीच अपेक्षा केली नाहीं ती वस्तु आपला विश्वासघात करूं शकत नाहीं. तो अधिकार विश्वासांतल्यांसच असतो. मनुष्यांच्या बाबतींत हा नियम आम्हांस पूर्वींपासून ठाऊक होता. यंत्रांच्या बाबतींतहि तो तितकाच खरा आहे, ह्याचा पडताळा गेल्या वर्षभरांत आला.

आडवाटेनें जाणारी, चारहि चाकांस एंजिनाची ओढ पोंचविणारी एक नवी मोटार आम्हीं गेल्या पाडव्यास विकत घेतली. पन्नाशी उलटलेल्या आणि इंग्रजी काव्य शिकविण्यांत हयात घालविलेल्या गृहस्थानें डोंगर चढणारें वाहन घ्यावें, ही गोष्ट आमच्या सहाध्यापकांस मोठी गमतीची वाटली. परंतु हौस हें आमच्या खरेदीचें कारण नव्हतें. आमची काकू भोरच्या पश्चिमेस, वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आंतल्या अंगास असलेल्या एका वाडीवर एकटी राहते. वय वर्षें त्र्याऐंशी. आम्ही सात वर्षांचे असतांना आमची आई वारली. तेव्हांपासून आमचें सारें बालपण ह्या काकूच्या पदराखालीं गेलें. पुण्यास येऊन राहण्याविषयीं तिला आजवर किती वेळां विनविलें, त्याची गणती नाहीं. "तुमच्या जिन्यावर मरण्यापेक्षां माझ्या अंगणांत मरेन," हें तिचें ठरलेलें उत्तर. नीरा-देवघर धरणाच्या फुगवट्याच्या कडेनें जाणारी डांबरी सडक सोडली, कीं पुढची तीन किलोमीटरांची वाट मुरमाची आणि चिखलाची. मधें एक ओढा. अलीकडे पावसाळ्यांत वरंधा घाट वाहतुकीस बंद ठेवण्याची पाळी वारंवार येते, इतका त्या बाजूचा पाऊस दांडगा. आषाढ-श्रावणांत साध्या मोटारीचें तेथें काम नाहीं. तेव्हां, हांक येईल त्या घटकेस काकूपर्यंत पोंचतां यावें, एवढ्या एकाच हेतूनें आम्हीं साठवणुकींतले सतरा लाख रुपये मोजले. गाडी विकत घेतली म्हणण्यापेक्षां एक वचन विकत घेतलें, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

ह्या जातीच्या वाहनांची वंशावळ पाहतां असें वचन मागणें गैर नव्हतें. १९४० सालीं अमेरिकन सैन्यास हलकी आणि चारहि चाकांनीं ओढ घेणारी गाडी हवी झाली, व पहिला नमुना तयार करण्यास अवघ्या ४९ दिवसांची मुदत देण्यांत आली. पेनसिल्व्हेनियांतील बँटम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें ती पाळली. २३ सप्टेंबर रोजीं तिनें आपला नमुना सैन्याच्या हवालीं केला. पुढें विलीज आणि फोर्ड ह्या मोठ्या कारखान्यांनीं महायुद्धाच्या काळांत सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. युद्ध संपल्यावर इंग्लंडांतील मॉरिस विल्क्स ह्या गृहस्थानें अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर अशीच एक उरलीसुरली जीप वापरली, आणि त्या अनुभवांतून १९४८ सालीं ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत लँड रोव्हर लोकांपुढें आली. शिपाई आणि शेतकरी ह्या दोन अत्यंत रोखठोक ग्राहकांनीं ह्या कुळास वळण लावलें आहे. त्या जुन्या गाड्या बिघडत नसत असें नाहीं, पुष्कळ बिघडत. परंतु त्यांचा बहुतेक बिघाड डोळ्यांस दिसे, आणि पाना-पक्कड हातीं असलेल्या मनुष्यास तो झाडाखालीं बसून दुरुस्त करतां येई.

आमची गाडी पहिले दोन महिने नव्या नवरीसारखी गुणानें नांदली. मृगाचा पाऊस पडला, आणि तिसऱ्याच दिवशीं चक्रासमोर एक पिवळा दिवा लागला. पाठोपाठ पडद्यावर अक्षरें उमटलीं, कीं चारहि चाकांची ओढ तूर्त उपलब्ध नाहीं. त्यामागून चाकांची घसरण आवरणारी यंत्रणाहि रजेवर गेल्याचें कळलें. आम्हीं एंजिन बंद केलें, दहा मिनिटें थांबलों आणि पुन्हां सुरू केलें, तों सर्व दिवे विझलेले. जसें कांहीं घडलेंच नाहीं! विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्यें एका तरुणानें गाडीस संगणकाची तार जोडून तिची प्रकृति तपासली, आणि कागदावर शेरा दिला: 'दोष आढळला नाहीं.' जून ते ऑगस्ट ह्या अवधींत गाडी पांच वेळां त्या दारीं गेली. दोनदां तिच्या संगणकास नवें सॉफ्टवेअर पाजण्यांत आलें, एकदां बॅटरी बदलण्यांत आली, प्रत्येक वेळीं जुन्या बिघाडांच्या नोंदी पुसण्यांत आल्या. शेरा मात्र पांचहि वेळां तोच.

तीस वर्षें दुसऱ्यांच्या शब्दांवर गुण देण्यांत गेल्यामुळें आम्हांस शब्दांचा अंमळ अधिक संशय येतो. 'दोष आढळला नाहीं' म्हणजे 'दोष नाहीं' असें नव्हे. शोधणाऱ्यास तो सांपडला नाहीं, इतकाच त्या वाक्याचा अर्थ. पण तें कागदावर उतरतांच त्याचा रोख गाडीकडून गाडीच्या मालकाकडे वळतो. काउंटरवरील गृहस्थ परम सौजन्यानें विचारीत, "सर, आपण बटण बरोबर दाबलें होतें ना?" वैद्याच्या पायरीवर ताप उतरावा आणि रोग्यावर ढोंगाचा आळ यावा, तशी आमची अवस्था झाली. बिघाडापेक्षां हा अविश्वास अधिक जाचक असतो. बिघाड हा लोखंडाचा धर्म आहे. अविश्वास मनुष्य करतो.

हा लपंडाव कां होतो, तें समजून घेण्यासारखें आहे. हल्लींच्या गाडीच्या प्रत्येक चाकापाशीं त्याच्या फिरण्याचा वेग टिपणारा एक सेन्सर असतो. त्याची वार्ता ब्रेकांवर देखरेख करणाऱ्या संगणकास मिळते, आणि तेथून ती इतर लहान-मोठ्या संगणकांस पोंचते. ह्या सर्वांनीं तारांच्या एकाच जोडीवरून आळीपाळीनें बोलावें, ही युक्ति एका जर्मन कंपनीनें १९८६ सालीं जाहीर केली. तिच्यामुळें गाडींतलें तारांचें जंजाळ पुष्कळ कमी झालें. परंतु एका चाकाची वार्ता अडखळली, कीं ती शंका सर्वत्र पसरते, आणि जो तो आपापलें खातें सावधगिरीनें बंद ठेवतो. एक दाखला कमी पडल्यानें कचेरींतलीं चारहि टेबलें थंड पडावीं, तसाच हा प्रकार. सडकेवर ही सावधगिरी शहाणपणाचीच ठरते. खोट्या वार्तेवर विसंबून ब्रेक लागण्यापेक्षां ती मदत बंद राहिलेली बरी. चिखलाच्या चढावर मात्र त्याच शहाणपणामुळें मनुष्य अडकून पडतो.

ऑगस्टांत एका रात्रीं नऊच्या सुमारास वाडीहून चुलतभावाचा फोन आला. काकू अंगणांत घसरून पडली होती. खुब्याचें हाड मोडलें असावें, असें त्याचें म्हणणें. आम्ही आणि आमची पत्नी तसेंच निघालों. भोरपर्यंत गाडी उत्तम चालली. साडेअकराच्या सुमारास सडक सोडून आम्ही मुरमाच्या वाटेस लागलों, ओढा ओलांडला, आणि पलीकडच्या चढाच्या पायथ्याशीं तो पिवळा दिवा लागला. मागचीं दोन चाकें चिखलांत फिरूं लागलीं. पुढचीं दोन नुसतीं पाहत राहिलीं. एंजिन बंद करून पुन्हां सुरू करण्याचा उपाय आम्हीं चार वेळां केला. चारहि वेळां तो फसला.

शेवटीं चुलतभावानें खालच्या गांवांतून एक जीप आणविली. सकाळीं दूध आणि दिवसा माणसें वाहणारी ही जीप तीस वर्षांची. दारें दोरीनें बांधलेलीं. तिचा मालक पावसांत खालीं उतरला, पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरचे खटके त्यानें हातानें फिरविले, आंत बसून दुसरा दांडा ओढला, आणि आमच्या सतरा लाखांस वळसा घालून ती जीप चढून गेली. घोंगडींत उचलून काकूस खालीं आणलें, भोरहून रुग्णवाहिकेनें पुण्यास नेलें, आणि दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली. ती वांचली. पण त्या दीड तासाच्या खोळंब्यांत तिला किती सोसावें लागलें, हें तिनें कधीं सांगितलें नाहीं, आणि विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

त्या रात्रीं जीपवाल्याशीं झालेलें बोलणें आमच्या मनांत घर करून राहिलें आहे. त्याच्या गाडीची आम्हीं प्रशंसा केली तेव्हां तो म्हणाला, "कशाची चांगली, सर? चढाला दुसरा गिअर उडतोय, हातानं दाबून धरावा लागतो. पावसात सेल्फ मारत न्हाई, म्हून उतारावरच लावतो. पर हिची खोड मला म्हाईत हाय." आमच्या गाडीपेक्षां त्याच्या गाडींत दसपट दोष होते, तरी तिच्याकडून त्याची फसवणूक झाली नव्हती. भरंवसा म्हणजे दोषांचा अभाव अशी आमची समजूत असते. वास्तविक भरंवसा म्हणजे दोषांची ओळख. घरच्या माणसांवर आपण विसंबतों तें तीं निर्दोष असतात म्हणून नव्हे. कोण कोठें कमी पडेल हें आपणांस ठाऊक असतें म्हणून.

नवें यंत्र आरंभीं अधिक बिघडतें, हें एंजिनिअर लोकांस नवें नाहीं. बिघाडाचें प्रमाण प्रथम मोठें, मग पुष्कळ काळ कमी आणि स्थिर, आणि यंत्र झिजल्यावर पुन्हां वाढतें. त्याचा आलेख न्हाणीघरांतल्या टबाच्या छेदासारखा दिसतो, म्हणून त्यास नांवहि टबाचेंच मिळालें आहे. कायदाहि अगदींच मुका नाहीं. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्यानें घेतली, आणि तो २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. आमच्या गाडीएवढ्या किंमतीची तक्रार जिल्हा आयोगापुढें वकिलावांचूनहि मांडतां येते. वकिली करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानें मात्र सावध केलें: सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या एका निर्णयाप्रमाणें वॉरंटीच्या अटीनें सदोष भाग बदलून मिळतो, सबंध गाडी नव्हे. ठीक, पण दोषच आढळत नाहीं म्हटल्यावर भाग तरी कोणता बदलून मागावयाचा?

सुदैवानें आम्हीं पहिल्या दिवसापासून एक वही ठेविली होती: तारीख, वेळ, पाऊस, रस्ता, आणि कोणता दिवा लागला. सप्टेंबरांत सहाव्या खेपेस ती वही काउंटरवर न देतां आम्हीं आंतल्या एका वयस्क मेकॅनिकच्या हातीं दिली. त्यानें उभ्याउभ्या अकरा नोंदी वाचल्या आणि म्हणाला, "दर वेळीं आधीं पाणी आहे." मग मागच्या डाव्या चाकाशीं नळी धरून त्यानें दहा मिनिटें पाणी सोडलें, आंतली तार हातानें हलविली, आणि दिवा लागला. तारेच्या जोडणींतलें रबराचें कडें बसवितांनाच दुमडलें गेलें होतें. त्या फटींतून पाणी शिरून आंतल्या पितळी टोकांवर हिरवा गंज चढला होता. वाळल्यावर वार्ता नीट जाई, भिजल्यावर अडखळे. ज्याची किंमत चहाच्या कपाहून अधिक नसेल अशा त्या कड्यानें आमच्या काकूस दीड तास तिष्ठत ठेविलें होतें.

ह्या मेकॅनिकचें ज्ञान इतरांपेक्षां फार मोठें होतें, असें आम्हांस वाटत नाहीं. इतरांनीं, दोष दिसला तर विश्वास ठेवूं, असें म्हटलें. ह्यानें प्रथम विश्वास ठेविला आणि म्हणून त्यास दोष दिसला. वर्कशॉपांत, दवाखान्यांत, शाळेंत, जेथें जेथें कोणी आपलें गाऱ्हाणें घेऊन दुसऱ्यापुढें उभा राहतो, तेथें तेथें सर्व कांहीं ह्या क्रमावर अवलंबून असतें. खुद्द आमच्या वर्गांतहि असें गाऱ्हाणें घेऊन येणारे असतात.

तेव्हांपासून तो दिवा लागलेला नाहीं. काकू काठी टेकीत पुन्हां वाडीवर राहावयास गेली आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. आम्ही ह्याच गाडीनें जाणार आहों, आणि जीपवाल्याचा फोन नंबरहि जवळ बाळगणार आहों. कंपनीस आम्हीं एक पत्र लिहिलें. नुकसानभरपाई मागितली नाहीं. पांच कागदांवरील शेऱ्यांत केवळ एका शब्दाची भर मागितली: 'दोष आम्हांस आढळला नाहीं.' उत्तर आलें नाहीं. एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन मात्र आला. आमच्या सेवेस आपण दहापैकीं किती गुण द्याल, असें तिनें विचारिलें. तो राहिलेला शब्द पांचहि कागदांवर आम्हींच तांबड्या शाईनें घालून ठेविला आहे. दुसऱ्यांचे पेपर तपासण्याची संवय सहसा सुटत नाहीं.